गिअरबॉक्स का जळला, हे आधी शोधा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या दैनिकाच्या वाहनविषयक पानावर जुनी ऑटोमॅटिक गाडी घेणाऱ्यांसाठी आलेला लेख वाचला. बराचसा सल्ला रास्त आहे. पण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स एकदा गेला की दुरुस्तीच्या भानगडीत पडू नये, तो पुन्हा पुन्हा जातो, गाडी सरळ भंगारात काढावी, असं जे त्यात ठामपणे म्हटलंय ते मला पटलं नाही. मी हेच गिअरबॉक्स खोलतो आणि बांधतो. उमेदीची सगळी वर्षं या एकाच कामात गेली आहेत, त्यामुळे गप्प बसवलं नाही.

दुरुस्त केलेला गिअरबॉक्स पुन्हा जातो, असं खूप जणांच्या बाबतीत घडतं, हे मीही पाहतो. त्याचं कारण मात्र लेखात आलेलं नाही. बहुतेक वेळा गिअरबॉक्स उघडला जातो, जळालेल्या क्लच प्लेट (ऑटोमॅटिकमध्ये पायानं दाबायचा क्लच नसतो, पण गिअर धरणारे क्लच आत असतातच) काढून नव्या टाकल्या जातात, सील आणि पॅकिंग बदललं जातं, ऑईल भरलं जातं आणि गाडी मालकाच्या ताब्यात दिली जाते. प्लेट कशामुळे जळली हे कोणी बघितलेलंच नसतं. ज्या कारणानं जुनी प्लेट जळली, त्याच कारणानं नवीही जळणार. मग मालक म्हणतो, हे ऑटोमॅटिक काही खरं नाही.

एक उदाहरण देतो. एका निवृत्त शिक्षिकेची चार गिअरची जुनी सेडान टोचन करून माझ्याकडे आली. बाईंच्या डाव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, क्लच दाबणं शक्य नाही, म्हणून त्यांनी मुद्दाम ऑटोमॅटिक गाडी घेतलेली. दुसऱ्या गिअरमधून तिसरा पडताना इंजिन नुसतं ओरडायचं, गाडी पुढे सरकायची नाही. आधी दुसऱ्या एका ठिकाणी काम झालं होतं आणि काही महिन्यांतच तीच तक्रार परत आली होती. बाई म्हणाल्या, “दादा, पुन्हा पैसे घालायचे का यात? खरं काय ते सांगा.” मी म्हटलं, “बाई, आधी खोलतो. कारण सापडलं तर बांधतो, नाही सापडलं तर तसं सांगतो.”

चेंबर, म्हणजे गिअरबॉक्सच्या तळाचं ऑईलचं तबक, काढलं तर ऑईल काळं आणि करपट वासाचं. तिसऱ्या गिअरचा क्लच पॅक, म्हणजे त्या प्लेटची चळत, बाहेर काढला. कागदी अस्तराच्या प्लेट कोळशासारख्या झालेल्या, मधल्या स्टील प्लेटवर निळे डाग उठलेले. इथपर्यंत आधीच्या कारागिरालाही दिसलं असणारच. पण ज्या ड्रममध्ये हा पॅक बसतो त्याच्या आतल्या बाजूला, जिथे सीलिंग रिंगा घासतात, तिथे मी नख फिरवलं आणि नख अडकलं. एका रिंगेनं ड्रमला चर पाडली होती. दिसायला केसाएवढी, पण दाबाखालचं ऑईल तिथून निसटायला तेवढी पुरे. नव्या रिंगा त्याच चरीवर बसवल्या होत्या. म्हणजे प्लेट दाबणाऱ्या पिस्टनपर्यंत दाब पूर्ण पोचत नव्हता, प्लेट घट्ट दाबल्या जात नव्हत्या, त्या घसरत होत्या आणि घसरल्या की जळत होत्या. ड्रम बदलला. तसाच दुसरा, मोजून चांगला निघालेला, मिळवायला वेळ लागला. त्यानंतर मगच प्लेट टाकल्या. ती गाडी आजही बाई स्वतः चालवतात.

यातलं काही दुर्मिळ नाही. क्लच जळण्याची कारणं मोजकीच असतात आणि शोधली तर सापडतात. पिस्टनचं रबरी सील उष्णतेनं कडक होतं आणि ऑईल सोडायला लागतं. ऑईलला दाब देणाऱ्या पंपाचे गिअर किंवा त्यांचं घर झिजतं. सोलेनॉइड, म्हणजे ऑईलची वाट उघडणारा-बंद करणारा विजेवरचा व्हॉल्व्ह, अडकतो. आणि जरा वय झालेल्या गिअरबॉक्समध्ये फार वेळा आढळतं ते व्हॉल्व्ह बॉडीचं झिजणं. ही ॲल्युमिनियमची, चक्रव्यूहासारख्या वाटा कोरलेली पाटी गिअरबॉक्सचा मेंदू म्हणून ओळखली जाते. तिच्यातल्या भोकांमध्ये छोटे व्हॉल्व्ह सतत मागेपुढे होत राहतात. वर्षानुवर्षं तेच चालल्यावर भोक अंडाकृती होतं, व्हॉल्व्हच्या कडेनं ऑईल गळतं आणि दाब पडतो. डोळ्यांना हे दिसत नाही. त्यासाठी व्हॅक्यूम लावून बघावं लागतं. भोक झिजलेलं निघालं तर रीमरनं ते थोडं मोठं करून त्यात स्लीव्ह, म्हणजे बारीक नळी, बसवता येते किंवा जाड व्हॉल्व्ह घालता येतो. नुसतं पेट्रोलनं धुऊन व्हॉल्व्ह बॉडी परत लावली तर ती स्वच्छ होते, झीज तिथेच राहते.

ऑटोमॅटिक म्हणजे काहीतरी गूढ, कंपनीबाहेर कोणाला कळणारच नाही, असं एक वातावरण आहे आणि लेखातही त्याची छाया आहे. वस्तुस्थिती अशी की हे यंत्र चांगलं जुनं आहे. इंजिनची ताकद तेलातून पुढे पोचवण्याची युक्ती हरमान फॉटिंगर या जर्मन अभियंत्यानं जहाजांसाठी काढली, तिचं पेटंट १९०५ चं. पूर्ण ऑटोमॅटिक गिअरबॉक्स जनरल मोटर्सनं हायड्रामॅटिक या नावानं १९४० च्या ओल्ड्समोबील मॉडेलमध्ये दिला. तेव्हापासून जगभर माणसं हे गिअरबॉक्स खोलताहेत आणि बांधताहेत. मधे एक सूर्यगिअर, त्याभोवती फिरणारे ग्रहगिअर, बाहेर दातेरी कडं. यातला कोणता भाग धरायचा आणि कोणता सोडायचा, एवढ्यावर गिअर ठरतो. धरणं-सोडणं क्लच आणि बँड, म्हणजे आवळणारे पट्टे, करतात. इलेक्ट्रॉनिक्स आलं ते कधी धरायचं आणि किती दाबानं, हे ठरवायला. पाया तोच आहे. पट्टा आणि पुलीवर चालणारे सीव्हीटी आणि दोन क्लचवाले डीसीटी यांची गोष्ट वेगळी, त्यांच्याबद्दल मी इथे बोलत नाही.

गिअरबॉक्स गाडीतून उतरवण्याआधी काय तपासायचं हे लेखात यायला हवं होतं, कारण गिअरबॉक्स गेला असं समजून आलेल्या कितीतरी गाड्यांचा गिअरबॉक्स ठणठणीत असतो. इंजिनचं फाउंडेशन, म्हणजे ते ज्यावर बसतं ते रबरी माउंट, तुटलं की डी (ड्राइव्ह) टाकताना तसाच धक्का बसतो. एखादा प्लग मिस करत असेल तर चढावर जी थरथर येते ती टॉर्क कन्व्हर्टरच्या (इंजिन आणि गिअरबॉक्स यांना ऑईलमधून जोडणाऱ्या डब्याच्या) आतल्या लॉकअप क्लचच्या थरथरीसारखी लागते. बॅटरी मेलेली किंवा अर्थिंगची वायर ढिली असली तरी कंट्रोल युनिट घाबरून गाडीला एका गिअरमध्ये अडकवून ठेवतं. स्कॅनरवर पी ०७०० हा बिघाडाचा कोड दिसला की काही जण लगेच गिअरबॉक्स उतरवायला सांगतात. तो कोड एवढंच सांगतो की गिअरबॉक्सच्या कंट्रोल युनिटमध्ये काहीतरी नोंदलं गेलंय, तिथे जाऊन वाचा. पुढचा कोड वाचायचा, सोलेनॉइडचा ओहम मोजायचा, वायरिंग बघायचं, प्रेशर गेज लावून लाईन प्रेशर, म्हणजे गिअरबॉक्समधल्या ऑईलचा मुख्य दाब, घ्यायचं. गरम गाडीत, आयडलला, डीमध्ये पुष्कळशा गिअरबॉक्सचा दाब साधारण ४ ते ६ बारच्या आसपास असतो आणि रिव्हर्समध्ये तो बराच चढतो. नेमका आकडा त्या मॉडेलच्या मॅन्युअलमधून घ्यावा. हे सगळं गिअरबॉक्स गाडीत असताना होतं. यातलं काहीही न करता कोणी ‘उतरवावाच लागेल’ म्हटलं, तर गाडी परत घेऊन जावी.

आता उतरवायचाच ठरला, तर बांधणीत कुठे पाणी मुरतं ते सांगतो.

पहिली जागा टॉर्क कन्व्हर्टर. हा गोल डबा वेल्ड करून बंद केलेला असतो, त्यामुळे आतलं दिसत नाही आणि म्हणूनच तो जसाच्या तसा परत लावायचा मोह होतो. जळालेल्या प्लेटची पूड आणि धातूचा चुरा ऑईलबरोबर याच डब्यात जाऊन बसलेला असतो. धुऊन तो पूर्ण निघत नाही. गिअरबॉक्स आतून नवा केला आणि कन्व्हर्टर जुना ठेवला, तर पहिल्याच किलोमीटरला तो गाळ नव्या व्हॉल्व्ह बॉडीत उतरतो. कन्व्हर्टर लेथवर कापून, आतलं लॉकअपचं अस्तर, सील आणि बेअरिंग बदलून, पुन्हा वेल्ड आणि बॅलन्स करून घ्यावा, नाहीतर बदलावा. क्लच जळालेल्या गाडीत याला तिसरा पर्याय मी मानत नाही.

दुसरी जागा ऑईल कूलर. बऱ्याच गाड्यांत तो रेडिएटरच्या आतच असतो. त्यातही तोच गाळ अडकतो. फ्लश करून झाल्यावर परतीच्या नळीतून ऑईल नीट येतंय का, ते बघायला हवं. ढोबळमानानं आयडलला २० ते ३० सेकंदांत लिटरभर ऑईल बाहेर आलं पाहिजे. धार बारीक असेल तर कूलर बदला. आणि चेंबरमध्ये ऑईल गुलाबी दुधासारखं दिसलं, तर रेडिएटरच्या आत कूलर फुटून कूलंट गिअरबॉक्समध्ये शिरलंय असं समजायचं. अशा वेळी प्लेट जळालेल्या नसल्या तरी बदलाव्या लागतात, कारण पाणी कागदी अस्तरात मुरतं आणि चिकटवलेला थर सुटायला लागतो. दोन-तीनदा ऑईल बदललं की झालं, असं कोणी म्हणेल, ऐकू नका.

तिसरी गोष्ट मोजमापांची, आणि माझ्या मते बांधणाऱ्याची खरी परीक्षा इथेच होते. क्लच पॅक बसवल्यावर सर्कलिप (पॅक अडकवून ठेवणारी कडी) आणि वरच्या प्लेटमध्ये किती फट राहिली, ते फिलर गेजनं मोजायचं. पुष्कळशा पॅकमध्ये ही फट साधारण १ ते २ मिलिमीटरच्या दरम्यान लागते. जास्त राहिली तर गिअर उशिरा पडतो, कमी राहिली तर प्लेट सुटतच नाहीत आणि रिकाम्या घासून जळतात. जाड-पातळ सर्कलिप किंवा प्लेट वापरून ती बरोबर आणायची. शाफ्टचा मागे-पुढे खेळ डायल गेजनं बघायचा, वॉशर त्या मापाचा निवडायचा. कागदी प्लेट बसवण्याआधी ऑईलमध्ये नीट भिजवायच्या, कोरड्या बसवल्या तर पहिल्याच वेळी चटका बसतो. सील आणि बेअरिंग जागेवर धरून ठेवायला व्हॅसलीन वापरायचं, कारण ते गरम ऑईलमध्ये विरघळतं; चाकांचं ग्रीस विरघळत नाही, जाऊन फिल्टरमध्ये बसतं. सुती फडकं टेबलावर नकोच, त्याचा एक धागा छोटा व्हॉल्व्ह अडकवायला पुरतो.

मग हवा मारून बघायची. केसच्या ज्या भोकातून ज्या क्लचला ऑईल जातं, त्यात कंप्रेसरची हवा हलक्या दाबानं सोडायची. सील चांगलं असेल तर आत पिस्टन हलतो आणि ‘ठप्’ असा भरीव आवाज येतो. हवा बंद केली की तो परत येतो. नुसती ‘फुस्स’ आली, तर पुन्हा खोला. माझ्याकडे शिकायला आलेल्या पोरांना मी सगळ्यात आधी हा आवाज ओळखायला शिकवतो. एकेका क्लचला काही सेकंद लागतात. ही तपासणी केल्याशिवाय गिअरबॉक्स गाडीला लावणं मला बेजबाबदारपणाचं वाटतं. बाईंच्या ड्रममधली चर आधीच्या ठिकाणी हवा मारूनच कळली असती.

गाडीला लावताना कन्व्हर्टर पंपाच्या खाचांत पूर्ण बसलाय ना, याची खात्री करायची. फिरवत आत ढकलला की तो टप्प्याटप्प्यानं खाली जातो. शेवटचा टप्पा राहिला आणि तसेच बोल्ट आवळले, तर गाडी सुरू व्हायच्या आधीच पंप फुटतो. गिअरबॉक्सच्या पुढच्या, घंटेच्या आकाराच्या तोंडापासून (बेल हाउसिंग) तो किती आत गेलाय, हे पट्टी लावून मोजावं; अंदाजावर जाऊ नये. नंतर कंट्रोल युनिटमध्ये साठलेलं जुनं शिक्षण पुसून नव्यानं शिकवावं लागतं. झिजलेल्या क्लचसाठी वाढवून ठेवलेला दाब नव्या क्लचला दिला की झटके बसतात आणि मालकाला वाटतं, काम बिघडलं.

ऑईलबद्दल लेखात म्हटलंय की सीलबंद गिअरबॉक्समध्ये ते आयुष्यभराचं असतं. ही समजूत फार महागात पडते. झेडएफ ही गिअरबॉक्स बनवणारी कंपनीच आपल्या ऑटोमॅटिकसाठी ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनी ऑईल बदलायला सांगते. ऑईलला इथे कामं तरी किती! दाब पोचवायचा, वंगण करायचं, उष्णता बाहेर काढायची आणि क्लचला किती पकड द्यायची किती घसरू द्यायचं तेही सांभाळायचं. हे शेवटचं काम इतकं नाजूक आहे की १९७० च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत त्यासाठी ऑईलमध्ये स्पर्म व्हेलच्या तेलापासूनचं द्रव्य मिसळत असत. गाडीवर जो स्पेसिफिकेशन लिहिलाय तेच ऑईल घाला, असा आग्रह आम्ही धरतो तो यामुळे. ऑईल तापलं की लवकर म्हातारं होतं. ढोबळ नियम असा की नेहमीच्या तापमानाच्या वर दर १० अंश सेल्सियसला त्याचं आयुष्य निम्म्यानं घटतं. चढावर, गर्दीत, ओझं ओढून चालणारी गाडी असेल तर किलोमीटरची वाट बघू नये.

जुन्या गाडीत ऑईल बदललं की गिअरबॉक्स जातो, असंही लोक सांगतात. ज्याच्या प्लेट आधीच संपल्यात, त्याचा तो तसाही जाणारच होता. ऑईल बदललं ते निमित्त झालं. चेंबरच्या लोहचुंबकावर करडी, लोण्यासारखी मऊ पेस्ट असेल तर ती नेहमीची झीज आहे, बिनधास्त ऑईल आणि फिल्टर बदला. चमकणारे तुकडे किंवा पितळी कण दिसले, तर मात्र ऑईलवर पैसे घालू नका, खोलायची वेळ आलीय.

प्रत्येक जुना गिअरबॉक्स बांधावाच, असं मी म्हणत नाही. चेसिस गंजलेली असेल, इंजिन धूर ओकत असेल, केसला तडा गेला असेल किंवा ड्रम, ग्रहगिअरचा संच असे मोठे भाग कुठेच मिळत नसतील, तर मी स्वतः नको म्हणतो. भंगारातून आणलेला गिअरबॉक्स सरळ लावण्याच्या मी विरोधात आहे, कारण तो कोणत्या गाडीतून आणि कशासाठी निघाला, हे विकणाऱ्यालाही माहीत नसतं. लावायचाच तर निदान चेंबर उघडून बघा, पुढचं-मागचं सील आणि फिल्टर बदला, टेबलावर आहे तोवरच हवा मारून घ्या. पण इंजिन चांगलं, बॉडी चांगली आणि फक्त गिअरबॉक्स गेलेला, अशी गाडी भंगारात घालायला सांगणं म्हणजे मालकाचं नुकसान. त्यातही गुडघा, पाय किंवा हात साथ देत नाही म्हणून ऑटोमॅटिक चालवणारी कितीतरी माणसं आहेत. त्यांच्यासाठी ती चैन नाही, घराबाहेर पडायचा तो एकमेव मार्ग आहे. ‘विकून टाका’ हे त्यांना इतकं सहज सांगू नये.

मालकांनी दोन गोष्टींचा आग्रह धरावा असं मला वाटतं. गिअरबॉक्स खोलून टेबलावर मांडला की बघायला बोलवा, असं आधीच सांगून ठेवावं आणि काय जळलं, कशामुळे जळलं, हे बोट ठेवून दाखवायला लावावं. दाखवता आलं नाही तर तो बंद करू देऊ नये. आणि बिलाबरोबर मोजमापांचा कागद मागावा: कोणत्या पॅकमध्ये किती फट ठेवली, शाफ्टचा खेळ किती, लाईन प्रेशर किती आलं, कन्व्हर्टरचं काय केलं, कूलरचं काय केलं. जुने काढलेले भागही ताब्यात घ्यावेत. नीट काम करणाऱ्याला हे मागितल्याचा राग येत नाही. मला तर आनंदच होतो. माझ्या व्यवसायबंधूंनाही विनंती आहे की कोणी मागण्याची वाट न बघता हा कागद द्यायला सुरुवात करा.

लेखातली आणखी एक गोष्ट दुरुस्त करायला हवी. ऑटोमॅटिक गाडी बंद पडल्यास एनमध्ये (न्यूट्रल) टाकून दोरीनं ओढून न्यावी, असं त्यात लिहिलंय. कृपया पुढच्या अंकात याचा खुलासा करावा. बहुतेक ऑटोमॅटिकमध्ये ऑईल पंप इंजिनवर फिरतो. इंजिन बंद आणि चाकं फिरताहेत, म्हणजे आतले शाफ्ट आणि त्यांना आधार देणारे बुश ऑईलशिवाय घासणार. काही गाड्यांच्या माहितीपुस्तिकेत ठरावीक वेगानं थोडं अंतर ओढायची मुभा असते, ती पाहूनच काय ते ठरवावं. नाहीतर ज्या चाकांना ताकद मिळते ती जमिनीवरून उचललेली हवीत किंवा गाडी पूर्णपणे ट्रकवर चढवलेली हवी. साध्या सेन्सरसाठी बंद पडलेली गाडी ओढून आणल्यामुळे माझ्याकडे येईपर्यंत तिचे बुश जळून गेलेले मी पाहिलेत.

आपला,
एक वाचक आणि ऑटोमॅटिक गिअरबॉक्स कारागीर